रस्ता मोकळा झाला की

सिग्नल पुन्हा लालवरच अडकला. त्यानं टेबलावर हात आपटला. चष्मा उडाला आणि खुर्चीखाली जाऊन पडला.

"आता चष्मा फोडा त्याच्यापायी," मुलगी म्हणाली. ती नुकतीच आत आली होती. चष्मा उचलून तिनं रुमालानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.

लॅपटॉप तिचाच, जुना. ती पोटासाठी प्रोग्राम लिहायची, तो मात्र दिवस जावा म्हणून शिकत होता. जन्मभर बस चालवली, म्हणून पहिला प्रोग्राम सिग्नलचा करायला घेतला. पडद्यावर तीन गोल काढले होते. त्यातला लाल तेवढा पेटायचा आणि पेटलेलाच राहायचा.

"कवितेच्या गटाला का गेला नाहीत?"

"कंटाळा आला."

"गटाच्या मॅडमचा फोन होता मला. म्हणाल्या, बाबा किती सुंदर वाचतात, त्यांना पाठवा."

"त्या बाईंना सगळंच सुंदर वाटतं. पंखा गरगरला तरी टाळ्या वाजवतील."

"चेष्टा नको, बाबा. डॉक्टरांनी सांगितलंय, मन कशात तरी गुंतवून ठेवा. तुम्ही परत जेवण सोडून बसलात तर मी काय करायचं? मला रोज नाही येता येत."

त्याचा राग कवितेवर नव्हता. चार ओळी लिहिल्या की दोन घास जास्त जातात, हे त्यालाही कळत होतं. राग टाळ्यांचा होता. बायको गेल्यापासून जो तो त्याच्याशी जपून बोलत होता, जणू काचेचं भांडं आहे, हात लागला तर फुटेल. शर्ट उलटा घालून बाजारात गेला तरी कुणी बोललं नाही. भाजीत मीठ टाकायला विसरला तर पाहुणे म्हणाले, छान झालीय. मागच्या वेळी गटात त्यानं मुद्दाम मधल्या ओळी गाळून कविता वाचली. काही अर्थ लागत नव्हता. तरी एका बाईंनी डोळे पुसले.

बायको कपडे शिवायची. शिवण वाकडी दिसली की तिचा एकच शब्द असायचा, "उसवा." शिकायला येणाऱ्या मुलींना तोच, नवऱ्यालाही तोच. त्यानं भिंतीवर खिळा ठोकला तरी लांबून बघायची आणि म्हणायची, "उसवा." एवढ्या वर्षांत तिनं त्याचं काही खपवून घेतलं नव्हतं.

हे यंत्रही खपवून घेत नव्हतं. चुकलं की ढिम्म.

"चहा टाकतो," म्हणून तो उठला.

कप घेऊन परत आला तर पडद्यावर हिरवा लागलेला. मग पिवळा. मग लाल. मग पुन्हा हिरवा.

"झालं," मुलगी हसून म्हणाली. "एवढंसंच होतं. तुम्ही लिहिलं होतंत, रस्ता मोकळा झाला की हिरवा. पण रस्ता मोकळा झाला हे त्याला सांगणार कोण? ते बिचारं वाट बघत बसलं होतं. तुमचं डोकं पडलं ड्रायव्हरचं. मी सरळ वेळ लावून दिली. एवढ्या वेळानं हिरवा, एवढ्या वेळानं लाल."

त्यानं कप असा ठेवला की निम्मा चहा बशीत सांडला.

"होतं तसं करून ठेव."

"काय?"

"माझी चूक होती ना, ती मला परत दे."

"बाबा, मदत केली मी."

"सगळे मदतच करताय. अगं, चुकलं एवढं म्हणायचं होतंस. मी सकाळपासून तेच शोधतोय. मला माझं मला उसवू तरी द्या."

"आई असती तर…"

"ती असती तर हात लावला नसता. तोंडावर फेकलं असतं."

मुलीचं तोंड एवढंसं झालं. ती पडद्याकडे वळली, दोन-तीन कळा दाबल्या. सिग्नल लालवर येऊन थांबला.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे टाकला. "हे वाच. आईवरचं आहे. गटात वाचलं तेच, पण पुरं."

तिनं वाचलं. "छान—" म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली. मग परत पहिल्यापासून वाचलं, या वेळी सावकाश.

"यात चंद्र कशाला आणलात?"

"कवितेत लागतो."

"आईनं कधी बघितला चंद्र? मान वर करायला तिला फुरसत होती का? सुईत दोरा ओवताना दिव्याकडे बघायची, तेवढंच." तिचं बोट खालच्या ओळीवर आलं. "आणि हा मंजुळ आवाज कुणाचा? आईचा पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा."

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. चंद्र खोडला. जरा थांबून मंजुळही खोडला.

मग बशीतला चहा परत कपात ओतला, कप तिच्याकडे सरकवला आणि आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावून घेतली. पडद्यावर लाल दिवा तसाच होता. थांबलेल्या बसमध्ये बसावं तसे दोघं त्याच्यासमोर बसले.

"बोल," तो म्हणाला. "अजून काय चुकलंय?"