बांधावरचे बूट

अकराव्यांदा तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा, असं मो यन-ओकनं सांगितलं, तेव्हा निर्माता तिच्याजवळ आला. मिठागरात भरतीचं पाणी यायला तासभर उरला होता. एका मुक्या प्रसंगासाठी अख्खी सकाळ गेली, असं तो कुरकुरला.

यन-ओक हटली नाही. सोळा वर्षं तिनं दुसऱ्यांसाठी पटकथा लिहिल्या होत्या. हा प्रसंग तिनं तीन पटकथांत घातला आणि तिन्ही दिग्दर्शकांनी तो कापला. चौथी पटकथा तिनं विकलीच नाही. दिग्दर्शन मीच करणार, म्हणाली. सोलमधले सिनेमावाले हसले. एवढ्याशा प्रसंगासाठी कुणी इतका हट्ट करतं का?

प्रसंग साधाच होता. बांधावर पाठमोरा बसलेला माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी बुटांचा चिखल रुमालानं पुसतो, बूट जोडीनं मांडतो आणि निघून जातो.

यन-ओकच्या वडिलांचे बूट सिनानच्या याच मिठागरावर सापडले होते. ती तेव्हा आठ वर्षांची. मजुरांच्या बाजूनं मालकाविरुद्ध साक्ष द्यायच्या आदल्या दिवशी वडील पाण्यात बुडालेले मिळाले. बूट काठावर नीट ठेवलेले, म्हणजे आत्महत्या, अशी नोंद झाली. नोंद करणारे पोलीस अधिकारी बांग पुढे या मायलेकींचा आधारच झाले. हिवाळ्याआधी घरचं किमचीचं लोणचं पोचवायचे, यन-ओकला शाळेत सोडायचे. ती त्यांना काकाच म्हणायची.

आज गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तिनं चित्रीकरण बघायला बोलावलं होतं. बांगही आले. आल्या आल्या नटांची थट्टा करत होते, आमची यन-ओक लहानपणी फार रडवी होती, असं सगळ्यांना सांगत होते. हा प्रसंग सुरू झाला आणि ते उठून उभे राहिले.

बाराव्या खेपेनंतर त्यांनी तिला मिठाच्या कोठारामागे नेलं.

“हे काढून टाक, पोरी.”

“का, काका?”

“तुझ्या बापानं आपणहून जीव दिला. आता लोकांच्या डोक्यात भलतं कशाला घालतेस?”

“सिनेमा आहे हो. माझ्या मनानं लिहिलंय.”

“मनानं नाही.” त्यांनी तिचं मनगट धरलं. “बूट पुसल्याचं कागदोपत्री कुठेच नाही. कुणी सांगितलं तुला? कोण होतं तिथं?”

तिनं हात सोडवून घेतला नाही. पलीकडून निर्माता हाका मारत होता. पाणी बांधाला लागलं होतं.

“मीच होते,” ती म्हणाली. “या कोठारातच, फळीच्या फटीतून बघत. तेव्हा नुसती पाठ दिसली होती, काका. चेहरा आज दिसला.”