सरांचं मृत्युपत्र
मेलबर्नच्या लॉकडाऊनमध्ये विलाससर हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते, आणि त्यांचं मृत्युपत्र सुचित्रा टार्निट उपनगरातल्या आपल्या घरातून व्हिडिओ कॉलवर टाइप करत होती. अपघात-भरपाईची आणि वारसाहक्काची वकिली ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. तेव्हापासून त्यांची फर्म सांभाळत होती. “फर्म ओवीला,” सर म्हणाले. ओवी! कालपरवा युनिव्हर्सिटीतून फर्ममध्ये आलेली पोरगी! सुचित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि मला काहीच नाही, सर?” तिच्या तोंडून निसटलंच. सर दमल्यासारखं हसले. “तुझ्या नावे काही ठेवलं, तर नियमाने हे मृत्युपत्र तुला करता येणार नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या मसुद्यावर मी डोळे मिटून सही करणार नाही.” सुचित्राच्या मनातला ओवीचा हेवा काही गेला नाही. तरी ओवीच्या आडनावात मघाशी रागाने मुद्दाम केलेली चूक तिने दुरुस्त केली आणि सगळा मसुदा सरांना वाचून दाखवला.