शेवटचं बटण

टेलरनं शर्टाच्या आतलं बाळ छातीवर आणखी वर सरकवलं. वीतभर जीव, दिवस भरायच्या आधीच आलेला. आई वरच्या मजल्यावर तापानं फणफणलेली, तेव्हा ऊब द्यायला उरला बाप. शर्ट त्यानं स्वतःच शिवला होता. आतून मऊ कापडाची झोळी, बाळाचं डोकं बाहेर राहील एवढा गळा. सिस्टर बघून म्हणाल्या होत्या, "अहो टेलर, आणखी चार शिवून द्या वॉर्डाला." तेव्हापासून गडी फुगून बसला होता.

मग सिस्टरना पलीकडच्या खोलीत अडलेल्या बाईकडे पळावं लागलं. जाताना बजावून गेल्या. "बाहेर काढायचं नाही. रडलं तर रडू दे. गार पडून गप्प झालं, तर मात्र मला हाक मारायची."

तेवढ्यात जिन्यात आत्याबाई ऐकू आल्या. बाई पोचायच्या आधी आवाज पोचतो. पाठोपाठ वडिलांचा खोकला आणि काकांच्या चपला.

पुरुषाला लाज कशाची वाटेल याचा नेम नाही. पिऊन गटारात पडताना वाटत नाही, लेकरू कवटाळताना वाटते. टेलरनं घाईघाईनं बाळ बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळून खाटेवर ठेवलं आणि बटणं लावायला घेतली.

"अगंबाई, उघडाच बसला होतास होय रे?" आत्याबाई दारातूनच म्हणाल्या.

"नाही, ते... सिस्टर म्हणतात छातीशी धरायचं. माझ्या अंगाची ऊब..."

"तुझ्या?" वडिलांनी काकांकडे पाहिलं. "मग दूधही येत असेल!"

सगळे हसले. टेलरही हसला, सगळ्यांत मोठ्यानं.

आत्याबाईंनी टॉवेल सोडला. नवं साटीनचं झबलं आणलं होतं, चांगलं वर्षाच्या पोराच्या मापाचं. ते चढवल्यावर बाळ आत कुठं गेलं ते शोधावं लागलं. बाळ रडलं, मांजराच्या पिलाएवढं. मग ते या मांडीवरून त्या मांडीवर गेलं. नाक कोणाचं, कपाळ कोणाचं, यावर वाद झाला. वर पंखा गरगरत होता.

"आत्या, द्या ना इकडं," टेलर म्हणाला.

"बघा, याला पान्हा फुटला!"

पुन्हा हसणं. त्यानं झबल्याखाली हात घालून बाळाचा पाय चाचपला. कात्रीच्या पात्यासारखा गार.

बाळ रडायचं थांबलं होतं.

"बघ," आत्याबाईंनी मान ताठ केली, "माझ्याकडं आल्याबरोबर कसं शहाण्यासारखं गप्प झालं. हाताला गुण असावा लागतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. टेलरनं दाराकडं पाहिलं. हाक घशापर्यंत आली होती. त्यानं गळ्याशी राहिलेलं शेवटचं बटण लावलं.