वळणावरून ऐकू येईल अशी

“हिचा आवाजच येत नाही,” ती म्हणाली.

विक्रेत्याला ती तारीफ वाटली. “तीच तर मजा आहे, ताई. बॅटरीवर चालते. पेट्रोल नको, धूर नाही. शेजारून गेली तरी मांजर कान हलवणार नाही.”

तिने नाकावरून घसरलेला चष्मा वर सरकवला. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. “दुसरी दाखवा.”

दुकान लांबट होते. पुढे काचेजवळ नव्या स्कूटर होत्या. मागे, कार्यशाळेच्या दाराशी, वापरलेल्या. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला परवडतील अशा गाड्या मागेच होत्या. पण विक्रेता भला होता, तो आधी पुढच्याच दाखवत होता. तिची आठ वर्षांची मुलगी आईच्या पिशवीचा बंद घट्ट धरून उभी होती.

“चालवणार कोण? तुम्ही?”

“हिचे बाबा. घरातली पहिलीच गाडी.”

“मग त्यांनाच आणायचं की!”

“‘निवड तू, म्हणजे नावं ठेवायला मी मोकळा,’ म्हणाले.”

विक्रेता मनापासून हसला. “नवरे सगळे एकाच साच्यातले.”

त्याने पेट्रोलवरची एक नवी गाडी सुरू केली. तिने मान कलती करून ऐकले. “हीपण हळूच येते.”

“ताई, तुम्हाला गाडी हवी आहे की बँडबाजा?”

आता तीही हसली. “ते कारखान्यातून पायी येतात. रबरी तळव्यांचे बूट आहेत. कधी येऊन मागे उभे राहतात, कळतसुद्धा नाही. गाडी वळणावर आली की घरात कळायला हवं. एवढंच पाहिजे मला.”

“असं होय!” विक्रेत्याने कार्यशाळेकडे तोंड वळवले. “मिस्त्री, ऐकलंत का? इथं लोक वाट बघायला सोपं जावं म्हणून गाडी घेतायत. नाहीतर आमचं घर! मी दारात पडलो तरी कोणी टीव्हीवरून मान वळवणार नाही.”

म्हातारे मिस्त्री हात पुसत बाहेर आले आणि कोपऱ्यातल्या एका राखाडी स्कूटरकडे त्यांनी बोट केले. मागे पोचा आलेला, सीटला ठिगळ. “इंजिन ठणठणीत आहे. सायलेन्सर तेवढा कुजलाय.”

“त्या वळणापलीकडे नेऊन परत आणता?”

मिस्त्री गेले. ती रस्त्याकडे पाठ करून, डोळे मिटून दारात उभी राहिली. रहदारीचा गोंगाट चालूच होता. मग त्या गोंगाटातूनही, वळणाच्या पलीकडून, एक फाटका, खरखरीत आवाज वेगळा उमटला. मुलीच्या हातून पिशवीचा बंद सुटला.

मिस्त्रींनी गाडी दारात लावली तेव्हा मुलगी दिसेना. सुट्या भागांच्या कपाटामागे ती गुडघे पोटाशी घेऊन बसलेली सापडली.

“अगं लबाडे! बाबा आले की अशीच लपतेस वाटतं? भोऽऽ करायला?” मिस्त्रींनी विचारले.

मुलीने आईकडे पाहिले.

“लपते,” आई म्हणाली. “पण वेळ पुरत नाही तिला. सापडते.”

“आता बघ, बाबाच हरतील!” मिस्त्री म्हणाले. मुलगी हसली नाही. लाजरी असावी.

राखाडी गाडी तिला परवडली. पैसे काढताना पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक नवी कोरी कडी खाली पडली. मिस्त्रींनी ती उचलून दिली. “घरात काम काढलंय?”

“एका दाराला नव्हती,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलीला घेऊन गाडी न्यायला आली. नवऱ्याची सुट्टी होती, तो मागून येणार होता. मिस्त्रींनी मोठ्या ऐटीत गाडी सुरू केली. इंजिन नुसते पुटपुटले.

“नवा सायलेन्सर. माझ्याकडून, लेकीसाठी.”

तिचा चेहरा उतरला. आधारासाठी धरावे तसा तिने सीटवर हात ठेवला. “मिस्त्रीकाका, जुना आहे का हो अजून?”

“भंगारात टाकलाय. का?”

“तोच परत बसवाल? मी थांबते.”

“अहो बाई, आवाज जावा म्हणून लोक माझ्या पाया पडतात!”

“मी तो यावा म्हणून पडते.” ती हे हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते.

मिस्त्रींनी पाना उचलला.

जुना सायलेन्सर बसवून झाल्यावर नवरा आला. हसतमुख माणूस होता. त्याने सीटवरचे ठिगळ थोपटले, सगळ्यांना चहा पाजला, “बायकोनं शोधली मात्र माझ्यासारखीच, आवाजी!” म्हणाला आणि मित्रांना दाखवून येतो म्हणून धडधडत निघून गेला. मायलेकी बसथांब्याकडे चालू लागल्या. त्यांच्याकडे बघत मिस्त्री विक्रेत्याला म्हणाले, “नशीबवान आहे तो माणूस. घरात इतकं माणूसवेडं कोणी असायला भाग्य लागतं.”

संध्याकाळी मायलेकी जेवायला बसल्या होत्या. दोघी घास थांबवून मधूनमधून कान देत होत्या. ताटे निम्मी झाली असतील, तेवढ्यात वळणावरून तो फाटका आवाज आला.

मुलीने एका हाताने ताट उचलले, दुसऱ्याने दप्तर, आणि ती आतल्या खोलीत गेली. आईने चष्मा काढला आणि फडताळात, वरच्या डब्यांच्या मागे ठेवला. मग ती ऐकत राहिली. आवाज जवळ येत होता. तो दारापाशी येऊन थांबण्याआधीच आतल्या खोलीची नवी कडी आतून लागली.

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. आजचा मार तिच्या एकटीच्या वाट्याचा होता.