उद्याशेठचं वर्कशॉप

“उद्या नक्की,” वर्कशॉपवाला म्हणाला आणि ज्या फडक्याने पाने-पक्कडी पुसत होता त्यानेच कपाळाचा घाम पुसला.

सात आठवडे थोरला हेच ऐकत होता. बंदरावर या माणसाला सगळे उद्याशेठ म्हणत, तेही तोंडावर, आणि तो हसून घ्यायचा.

थोरल्याच्या होडीचं इंजिन भर समुद्रात जाम झालं होतं. ऑइल पंप गेला, ऑइल चढलं नाही, पिस्टन लायनरला चिकटला. दुसऱ्या होडीने दोर बांधून किनाऱ्याला ओढत आणलं. पिस्टन, लायनर, बेअरिंगं नवी आली. पंप तेवढा येईना. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं आणि बंदरातल्या निम्म्या होड्या अजून त्याच मॉडेलवर चालत होत्या.

आई रोज विचारायची, “झालं का रे?” मग तिने विचारणं सोडलं. ते थोरल्याला जास्त लागलं.

धाकटा भाऊ नाइलाजाने एका म्हाताऱ्याच्या होडीवर कामाला जाऊ लागला. वीस वर्षं दोघे भाऊ एकाच होडीवर होते. आता धाकटा पहाटे चपला हातात घेऊन एकटाच निघायचा, दादाची झोप मोडू नये म्हणून. दादा जागाच असायचा.

उद्याशेठकडे इंजिन दिलं की डोळ्यांत तेल घालून बसायचं, याबद्दल बंदरावर कुणाचं दुमत नव्हतं. एकाचा चांगला भाग काढून दुसऱ्याला कधी बसवेल, नेम नाही. म्हणून थोरला सकाळीच येऊन आपल्या इंजिनाशेजारी एका रिकाम्या डब्यावर ठाण मांडायचा. जेवायलाही उठायचा नाही.

सोमवारी दुपारी धाकटा तिथे आला.

“आमच्या म्हाताऱ्याचीही होडी इथेच वर ओढलीय. पलीकडच्या उतारावर आहे. पाण्याखालचा पंखा वाकलाय, दोन दिवसांचं काम,” तो म्हणाला. “दादा, तू घरी जा. अंघोळ कर. तुझ्यापेक्षा सुकी मासळी बरी. मी बसतो इथे.”

“नजर हटवू नकोस.”

“इंजिन आहे रे ते, तान्हं बाळ नाही.”

“तान्ह्या बाळाचे भाग कुणी काढून नेत नाही.”

धाकटा खो खो हसला. किती दिवसांनी थोरल्यालाही हसू फुटलं.

पण संध्याकाळी घरून परतताना धक्क्यावर त्याला दिसलं, की सगळ्यांच्या होड्या भरून येताहेत. आपली तेवढी रिकामी, तळाला पाणी साचलेली. तो तडक वर्कशॉपमध्ये गेला आणि त्याने उद्याशेठची कॉलर धरली.

“परवा सकाळी माझी होडी निघाली पाहिजे. नाहीतर तुझं हे दुकान उभं राहणार नाही.”

“पंपच मिळत नाही, तर मी काय करू?”

“कुठून आणायचा तो तुझा प्रश्न. मला सांगूही नकोस.”

उद्याशेठने कॉलर सोडवून घेतली. मग म्हणाला, “बरं.”

पहिल्यांदाच तो ‘उद्या’ म्हणाला नाही.

मंगळवारी थोरला घरी जाळी नीट करत बसला. इंजिनापाशी धाकटाच दिवसभर बसून होता. बुधवारी सकाळी इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. पंप जुना होता, पण स्वच्छ धुतलेला, आणि ऑइलचा काटा जिथे हवा तिथे उभा. कुठून मिळाला, हे थोरल्याने विचारलं नाही.

“धाक दाखवल्याशिवाय या जगात काम होत नाही,” घरी येऊन तो आईला म्हणाला. मग धाकट्याला म्हणाला, “उद्यापासून आपल्या होडीवर ये.”

“शनिवारपर्यंत थांब, दादा. म्हाताऱ्याला शब्द दिलाय. मग आहोतच की आपण दोघं.”

शुक्रवारी दहाच्या सुमाराला वारा फिरला. थोरला धक्क्यावर मासळी उतरवत होता, तेव्हा फोन वाजला.

“दादा, इंजिन जाम झालंय.” वाऱ्यात धाकट्याचा आवाज तुटत होता. “खडकांकडे ढकलले जातोय. नांगर धरत नाहीये. तू ये.”

“आलोच. फोन ठेवू नकोस.”

पण फोन बंद पडला होता.

धक्क्यावरून थोरल्याची होडी सगळ्यांच्या आधी सुटली. लाटा पोटाखाली आपटत होत्या, पण इंजिन एकदाही अडखळलं नाही. तरी पाऊण तास लागला. खडकांवर फळ्या अडकल्या होत्या. जवळच एक निळं पिंप तरंगत होतं आणि पिंपाला कवटाळून म्हातारा.

थोरल्याने त्याला वर घेतलं आणि हाका मारत खडकांना घिरट्या घातल्या. मागून इतर होड्या आल्या. सगळ्यांचे आवाज बसले. दुपारी धाकटा सापडला. थोरल्याने त्याला जाळ्यांवर निजवलं, अंगातला सदरा काढून त्याच्यावर घातला आणि गुंडी लावू लागला. गुंडी लागेना.

“ऑइलच चढत नव्हतं रे,” म्हातारा कुडकुडत पुन्हा पुन्हा सांगत होता. “गेल्या आठवड्यापर्यंत काही तक्रार नव्हती. मी तर फक्त पंख्यासाठी ओढली होती वर.”

थोरल्याच्या हातातली गुंडी सुटली.

बाकीच्या होड्या लाटांमधून सावकाश येत राहिल्या. थोरल्याने आपली होडी सगळ्यांच्या पुढे काढली, सरळ वर्कशॉपच्या धक्क्याला लावली आणि इंजिन बंद न करताच उडी मारली.

उद्याशेठ शेडच्या दारात उभा होता. बातमी आधीच पोचली होती. थोरल्याने त्याला मानेला धरून भिंतीवर दाबलं.

“म्हाताऱ्याचा चांगला पंप काढलास ना? त्या जागी निकामी बसवलास! बोल!”

उद्याशेठच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने मान डोलावली.

“कुणाला दिलास? कुणाच्या होडीसाठी मारलंस माझ्या भावाला? नाव सांग त्याचं!”

उद्याशेठने हात उचलला आणि थोरल्याच्या खांद्यावरून धक्क्याकडे बोट दाखवलं.

थोरल्याने मागे वळून पाहिलं. धक्क्याला एकच होडी होती. तिचं इंजिन अजून एका लयीत चालत होतं.