पहिल्यासारखी शेपटी

मावशी प्रयोगशाळेतल्या माशांच्या टाक्या सांभाळायच्या. तिथल्या संशोधक मॅडम प्रयोगासाठी माशाची शेपटी कापायच्या. जखम झाली, की त्याच्या अंगातली निजलेली जनुकं जागी होतात, असं त्या सांगायच्या. आणि खरंच, पंधरा दिवसांत शेपटी पहिल्यासारखी उगवायची. मग मॅडम पुन्हा कात्री घ्यायच्या.

आज मावशींना राहवलं नाही. "बिचारा आत्ता कुठे बरा झालाय, आणि लगेच परत कापायचं? हात कसा धजावतो हो तुमचा?"

तणतणतच त्या घरी आल्या. लेकीचा हात जावयानं दुसऱ्यांदा मोडला होता. त्याचं प्लास्टर आज निघालं होतं. मावशींनी तिला मूठ वळायला लावली, समाधानानं मान हलवली आणि फोन लावला.



"जावईबापू, हात अगदी पहिल्यासारखा झालाय. या तिला न्यायला."