कोऱ्या काडीवरचे आकडे

"हात तुमचाच लागलाय!" प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी कागद टेबलावर आपटला. "नमुना घ्यायची काडी, न वापरलेली, कोरी. तिच्यावरही डीएनए! निम्मे आकडे तुमच्याशी जुळतात."

"आणि उरलेले निम्मे?"

"असतील दुसऱ्या कुणाचे. राजीनामा लिहा."

अठरा वर्षं ती काड्यांवरून नमुना उतरवायचं काम करत होती. आकडे वाचायचे साहेबांनी. त्यांच्या अहवालावर माणसं तुरुंगात जायची, म्हणून ती हातमोजेसुद्धा दोन-दोन घालायची. तिचा संताप संताप झाला.

"राजीनामा गेला खड्ड्यात. काड्या पाकिटातच खराब आहेत. बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासा, सोबत माझाही नमुना पाठवा. होऊनच जाऊ दे!"

घरी आई म्हणाली, "अजिबात नमू नकोस. हा हट्टीपणा माझाच आलाय तुझ्यात."

दुसऱ्या दिवशी ती काड्यांच्या कारखान्यात धडकली. लांब टेबलाशी बायका कागदी पाकिटांत काड्या भरत होत्या. टोकाला बसलेली म्हातारी तोंडावरची पट्टी खाली ओढायची, चिकटलेल्या पाकिटात फुंकर मारायची, काडी सरकवायची आणि पट्टी पुन्हा वर.

"मावशी, हे काय चाललंय?"

"फुंकल्याशिवाय उघडत नाही बाई. तीस वर्षं अशीच फुंकतेय. तू कोण विचारणारी?"

म्हातारीचा तोरा पाहून तिला हसूच आलं. भांडण स्वतःसारख्याच माणसाशी पडलं होतं.

व्यवस्थापकासमोर म्हातारीने तोंड उघडलं. "घ्या! मी कुणाला भीत नाही." दुसऱ्या कंपनीची काडी तिच्या गालात फिरली आणि नमुना रवाना झाला.

आठवड्याने बाहेरचा अहवाल आला. पहिली दोन वाक्यं वाचून प्रमुखांचा चेहरा पडला. त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने तिथूनच फोन लावला. "आई, जिंकले!"

"वाटलंच मला. काय लिहिलंय? मोठ्याने वाच, त्यांनाही ऐकू दे."

ती खणखणीत आवाजात वाचू लागली. "कोऱ्या काड्यांवरचा डीएनए एकाच व्यक्तीचा, पाकिटं भरणाऱ्या वृद्ध कामगार महिलेचा आहे. तंत्रज्ञ बाईंचा यात काहीही दोष नाही. त्यांचे निम्मे आकडे जुळतात, कारण सदर महिला ही त्यांची जन्मदाती आई आहे."